ताट पुढे सरकवणारे तायडे सर

शनिवारी दुपारचं ऊन जरा कललं की तायडे सर माझ्या दुकानासमोर सायकल लावायचे. आधी स्टँड, मग कुलूप, मग ते लागलं की नाही हे ओढून बघणं, आणि मग "शोभाबाई, नमस्कार." एवढं सगळं झाल्याशिवाय त्यांची नजर फुलांकडे जायची नाही. त्यांना निशिगंध पाहिजे असायचा. दर शनिवारी निशिगंधच. तरी ते विचारायचे, "आज काय बरं आहे?" मी सांगायची, "गुलाब बम आला सर, टोपलं भरून, वलगावचा." ते गुलाब हातात घ्यायचे, वास घ्यायचे, तोंडभर तारीफ करायचे आणि निशिगंध बांधायला सांगायचे.

एकदा मी वैतागलीच. "सर, घ्यायचा निशिगंधच असते तं मले विचारता काहून?"

"तुमी काय सांगता ते ऐकाले," ते म्हणाले. "माल शिळा असला तर तुमी तोंडावर सांगता. बाकीचे सांगत नाही."

आता याला तारीफ म्हणायची की काय म्हणायचं? पण त्या दिवसापासून सरांना शिळं फूल द्यायची माझी हिंमत झाली नाही, हे खरं.

शांतवन तायडे त्यांचं पूर्ण नाव. आमच्या अमरावतीत गणिताचे मास्तर म्हणून नोकरी केली, रिटायर झाले, आणि माझ्या दुकानापासून जरा पुढं वळणावर जे जुनं चर्च आहे तिथले ते वडील. वडील म्हणजे पाळकांच्या, म्हणजे पाद्र्यांच्या, खालोखाल मंडळीचा कारभार पाहणारा माणूस. चर्चमधल्या मेजावरची फुलं हे त्यांच्याकडचं काम. ती शनिवारीच घ्यायची, कारण रविवार प्रभूचा आणि रविवारी तायडे सर कोथिंबिरीची जुडीसुद्धा विकत घ्यायचे नाहीत. त्यांच्या बायको, कृपाबाई, सांगायच्या की एकदा भर जानेवारीच्या थंडीत रविवारी सकाळी पाहुणे आले आणि घरात दूध नव्हतं. सरांनी त्या कुडकुडणाऱ्या पाहुण्यांना लिंबाचं सरबत पाजलं, पण दूध आणलं नाही. "पाहुणे परत आले नाहीत," कृपाबाई हसून म्हणायच्या. "रविवारी तं नाहीच नाही."

असा कडक माणूस. चर्चमध्ये ढोलकी चालेल, पेटी चालेल, गिटार नाही. लग्नात नाच नाही. लॉटरी नाही. आमच्या गणपतीचा प्रसाद त्यांनी कधी घेतला नाही. घेऊन कोपऱ्यात ठेवून देणारे मी पुष्कळ पाहिले. हे हात जोडून सांगायचे, "शोभाबाई, राग नका मानू, आमच्यात चालत नाही." पहिल्या वर्षी मला राग आला. दुसऱ्या वर्षी मी त्यांच्यासाठी वेगळे पेढे आणले, देवासमोर न ठेवलेले. त्यांनी तीन खाल्ले आणि चौथा कृपाबाईंसाठी खिशात टाकला.

माझी पोरगी त्यांच्याच वर्गात होती. एकदा गणितात उत्तर बरोबर आलं तरी शून्य घेऊन आली. मी तणतणत शाळेत गेली. सर शांतपणे म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. रीत चुकीची आहे. चुकीच्या रीतीनं बरोबर उत्तर आलं की मुलाला ती रीतच बरोबर वाटू लागते, म्हणून शून्य." शाळेत आणि चर्चमध्ये ते असं छापील बोलायचे. बाहेर पडले की अस्सल वऱ्हाडी. पोरगी पुढं इंजिनिअर झाली. त्या शून्याबद्दल ती अजून बोलते, आणि प्रेमानं बोलते, मेली.

वाद घालायला मला आवडतं आणि सरांना तर फारच आवडायचं. एकदा निवडणुकीच्या दिवसांत मी म्हटलं, "सर, ज्याचं त्याचं खरं असते. याले याचं खरं वाटते, त्याले त्याचं." सरांनी माझ्या तराजूकडे बोट केलं. "मंग अठी ज्याचा त्याचा किलो असते काय? मी माहा किलो घेऊन आलो तर चालन?" मी म्हटलं, फुलं वेगळी, माणसं वेगळी. ते म्हणाले, "हाव, माणसं जास्त महाग आहेत. म्हणून तं वजन नीट पाहिजे." मी निशिगंधाच्या दोन काड्या जास्त बांधल्या आणि विषय बदलला.

समोरच्या चहाच्या टपरीवर टीव्ही होता. कुठल्या तरी राज्यात कुण्या पुढाऱ्यावर हल्ला झाल्याची बातमी लागली, आणि टपरीवरची मंडळी खूश. बरं झालं, पाहिजेच होतं, असं सुरू झालं. तो पुढारी सरांनाही आवडायचा नाही, मला माहीत होतं. सरांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठले. टपरीवाला म्हणाला, "काहून सर, तुमचा माणूस होता काय?" "नाही बापा," सर म्हणाले. "मी त्याले कधीच मत देणार नाही. पण देवानं घडवलेला माणूस आहे तो, तुमी त्याच्या रक्तावर चहा पिऊन राहिले." दुसऱ्या दिवशी सर पुन्हा तिथंच चहाला आले. रुसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

आता त्यांच्या चर्चमधली एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्यात प्रभुभोजन असतं. ताटात भाकरीचे तुकडे आणि बोटाएवढ्या पेल्यांत काळ्या मनुक्यांचा रस. तो रस सरांच्या घरी व्हायचा. शनिवारी रात्रीपासून मनुके भिजत, सकाळी उकळून गाळून बाटलीत. पेले सर स्वतः घासायचे. आणि ताट घेऊन बाकाबाकावर तेच फिरायचे. पण नियम असा की कोणाशी वाकडं असेल, कोणाच्या मनात तुमच्याबद्दल काही असेल, तर आधी ते मिटवायचं आणि मगच हात लावायचा. आता नियम सगळ्यांनाच माहीत असतात. पाळतो कोण? तायडे सर पाळायचे.

एका रविवारी मी दुकानात हार ओवत बसली होती आणि सर धापा टाकत आले. अंगावर चर्चचा पांढरा शर्ट. मी घाबरली, म्हटलं कोण गेलं? "काल मी तुमच्यावर ओरडलो," सर म्हणाले. "फुलं कोमेजलेली दिली म्हणून. ती माह्याच हातानं उन्हात राहिली होती, आज कृपानं सांगितलं. मले माफ करा." मी म्हटलं, अहो सर, एवढ्यासाठी? "तिकडे ताट थांबलं आहे," म्हणाले आणि तसेच उलट्या पावली पळाले. पूर्ण मंडळी माझ्या माफीसाठी बसून राहिली होती! मला हसू आवरेना, आणि मग उगाच डोळे भरून आले.

सरांना मूल नव्हतं. अकोल्याची त्यांची बहीण, मार्थाताई, तिथं नर्स होती आणि लवकर विधवा झाली. तिचा मुलगा विनय शिकायला मामाकडे अमरावतीला आला आणि त्यांच्याच घरचा झाला. देखणं, तापट, जीव लावणारं पोट्टं. सरांच्या सायकलच्या मागच्या सीटवर बसून यायचा आणि उतरल्याबरोबर माझ्या दुकानातलं एक फूल उचलून कानावर ठेवायचा. सर त्याला रागवायचे आणि त्या फुलाचे पैसे वेगळे द्यायचे. पुढं तो एका पक्षाच्या पोरांमध्ये फिरू लागला. सरांना ते आवडलं नाही. पण पक्षापेक्षा त्यांना त्याचं गिटार जास्त खुपायचं, असं कृपाबाई म्हणायच्या.

दुसऱ्या पक्षाचा एक होता, गजूभाऊ. एका वस्तीत कोणाच्या घरी प्रार्थना चालू होती, तिथं हा आपली माणसं घेऊन घुसला. ढोलकी फोडली आणि पाळकांच्या कानाखाली मारली. पाळक म्हणजे मऊ माणूस, मुंगी चिरडू नये म्हणून बाजूनं जाणारा. सर तिथं होते. त्यांनी ठाण्यात जाऊन गजूभाऊचं नाव सांगितलं. ते कोणी लिहून घेतलं नाही.

मग निवडणूक आली. मी त्या दिवशी चांदूर बाजारला लग्नाला गेली होती, म्हणून जे झालं ते मी नंतर ऐकलं, आणि प्रत्येकाकडून तेच ऐकलं. भर दुपारी चौकात विनय आणि त्याच्या पोरांनी गजूभाऊला गाठलं. हातात हॉकीच्या काठ्या. गजूभाऊ पडला तरी मारत होते. दुकानांची शटर खाली आली. आणि तायडे सर सायकल टाकून पळत आले, हो, स्टँड नाही, कुलूप नाही, तशीच रस्त्यावर टाकून. ते त्या माणसाच्या अंगावर पालथे पडले. ज्यानं त्यांच्या पाळकाला मारलं, त्याच्या अंगावर. एक काठी सरांच्या उजव्या मनगटावर बसली. तेव्हा कुठे पोरं पळाली.

गजूभाऊ वाचला. पाय मात्र तेव्हापासून ओढतो. सरांचं मनगट वाकडंच जुळलं.

पोलिसांनी विचारलं तेव्हा चौकातल्या कोणीही काही पाहिलं नव्हतं. सगळा चौक आंधळा झाला होता. सरांनी विनयचं नाव सांगितलं.

मंडळीतले लोक सरांच्या घरी गोळा झाले. मी कृपाबाईंना भाकरी द्यायला गेली होती, ओट्यावरच उभी राहिली. "पाळकांले मारलं तवा कोण आलं साक्षीले?" एक जण ओरडला. सर म्हणाले, "मी गेलो होतो. लिहून नाही घेतलं. ते त्यांचं पाप. मी आता खोटं बोललो तर ते माहं."

"त्या पोट्ट्यानं आपल्यासाठी केलं, सर!"

"मले माहीत आहे. आपल्यासाठी केलं म्हणून ते चांगलं होत नाही. आपल्या लोकांचा मार आपल्याले गोड लागते, एवढंच."

विनय तेव्हा जामिनावर घरातच होता. तो आतून आला. "मामा, त्यानंतर आला काय कोणी प्रार्थना मोडाले? सांगा ना! आला काय?"

सर म्हणाले, "उत्तर बरोबर असंन बाप्पा. रीत चुकली."

विनयनं त्याच दिवशी बॅग भरली आणि तो अकोल्याला आईकडे गेला. मार्थाताईंचा फोन आला, आणि फोनवर त्या जे बोलल्या ते कृपाबाईंनी मला कधी सांगितलं नाही. मीसुद्धा सरांना म्हटलं, राहवलंच नाही, "आपलं लेकरू आहे सर. एवढं कठोर कसं होते माणसाले?" ते म्हणाले, "आपलं आहे म्हणूनच कठीण आहे, शोभाबाई. दुसऱ्याचं असतं तर मी केव्हाच फटकन सांगून मोकळा झालो असतो." आणि माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून ते लहान पोरासारखे रडले. मी शटर अर्धं ओढलं. गिऱ्हाइकं गेली खड्ड्यात.

त्याच आठवड्यात गजूभाऊच्या पक्षाची माणसं हार घेऊन सरांकडे आली. सच्चा माणूस, असा सत्कार करायचा म्हणे. हार माझ्याच दुकानातला होता, म्हणून मला कळलं. चहा झाल्यावर ते हळूच म्हणाले, "फक्त एवढं जोडा सर, की पाळकांनीच पोरांना भडकवलं होतं." सरांनी हार काढून त्यांच्या हातात दिला. "जे पाहिलं ते सांगीन. जे नाही पाहिलं ते तुमच्या बापाच्या धाकानंही नाही सांगणार. निघा." तो हार एका माणसानं माझ्याकडे परत आणला, पैसे मागायला. मी त्याला माझ्या भाषेत निरोप दिला, तो इथं लिहिण्यासारखा नाही.

कोर्टात मी कृपाबाईंना सोबत म्हणून गेली. सरांनी सगळं सांगितलं, एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. सरकारी वकिलांनी विचारलं, तुमच्या मनगटावर कोणी मारलं? सर म्हणाले, "माहीत नाही. माझं तोंड खाली होतं. मला दिसलं नाही." मागं कोणी तरी खुसखुसलं. आता भाच्याला वाचवतो, बघा. विनयनं फक्त तेव्हाच मामाकडे पाहिलं, आणि मग मान खाली घातली ती वर केलीच नाही. त्याला शिक्षा झाली.

आणि मग तो पहिला रविवार आला. सरांनी नेहमीसारखे मनुके उकळले, पेले घासले, वाकड्या मनगटानं ताट चर्चपर्यंत नेलं. पाळकांच्या हातात दिलं आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसले. ताट त्यांच्याजवळ आलं तेव्हा त्यांनी ते शेजारच्याकडे सरकवलं. कृपाबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मी भांडायलाच गेली. "म्हणजे तुमाले वाटते तुमी चुकले?"

"नाही," सर म्हणाले. "मी चुकलो नाही. पण माह्या भाच्याच्या मनात माह्याबद्दल आहे. ते मिटल्याशिवाय मी कसा हात लावू?"

"अहो, पण तो भेटत नाही तर तुमचा काय दोष?"

"दोष नाही. नियम आहे."

अशा माणसापुढे डोकं आपटायचं का? महिन्यामागून महिने हेच. भेटीच्या दिवशी सर जेलात जायचे. विनय भेटायला बाहेर येत नसे. सर तिथल्या बाकावर बसून यायचे, साबण आणि टूथपेस्ट ठेवून यायचे. येताना माझ्याकडे थांबायचे. मी विचारायची नाही. त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं. मंडळीतले काही जण त्यांच्याशी बोलत नव्हते, तेच लोक सरांनी केलेला रस प्यायचे, आणि सर शेवटच्या बाकावरून ताट पुढे सरकवायचे. हे वर्षानुवर्षं चाललं, बापा. मला तर तो नियम आणि ते चर्च, दोघांचाही संताप यायचा.

विनय सुटून अकोल्याला गेला, एका गॅरेजमध्ये लागला. मामाकडे आला नाही. तोवर सरांचं हृदय थकलं होतं. सायकल बंद, मग बाजार बंद, मग चर्चही बंद. त्यांच्यात आजाऱ्याला प्रभुभोजन घरी नेऊन देतात. पाळक यायचे, आणि सर पलंगावरूनही ताट सरकवायचे.

त्या रविवारी मी निशिगंध घेऊन गेली. रविवार असल्यानं विकत नाही, असाच. पाळक ताट घेऊन आले होते. रस या वेळी कृपाबाईंनी एकटीनं केला होता. तेवढ्यात दारात मार्थाताई उभ्या, त्यांच्या मागं विनय. त्याच्या केसांत पांढरं दिसत होतं. मामीनं बोलावलं म्हणून आला होता.

"ये," सर म्हणाले. "बस अठी." तो पलंगाच्या कडेला बसला. पाळकांनी ताट पुढं केलं तर सरांनी डाव्या हातानं थांबवलं. "आधी याले विचारू द्या." मग विनयकडे वळून म्हणाले, "माह्याबद्दल मनात काही आहे काय रे? खोटं नको बोलू. म्हाताऱ्याचं मन राखाले तर बिलकूल नको."

मार्थाताईंनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला. मी मनात म्हटलं, नाही म्हण रे लेका. एक शब्द. काय जाते तुहं?

"आहे," विनय म्हणाला.

कृपाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"साक्षीचा राग होता," विनय म्हणाला. "तो जेलातच गेला. मी मारलं होतं, तुमी काय खोटं बोलले? पण मनगटावर तुमच्या... ती काठी माही होती, मामा. तुमी आहा हे मले दिसून राहिलं होतं. दिसत असून मारली. अन् कोर्टात तुमी म्हटलं, माहीत नाही. मले वाटलं, साऱ्या जगाले खरं सांगणारा माणूस माह्यापायी खोटं बोलला. मंग मी कोणत्या तोंडानं भेटाले येऊ?"

मी सरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच आश्चर्य पाहिलं.

"मले खरंच दिसलं नव्हतं रे," ते म्हणाले. "माहं तोंड खाली होतं."

"आता कळलं ना?"

"आता कळलं." सरांनी आपलं वाकडं मनगट उचलून पाहिलं, मग भाच्याकडे पाहिलं. "दुखलं लय होतं बे."

विनय तिथंच कोसळून रडू लागला, आणि सर डाव्या हातानं त्याचं डोकं थोपटत राहिले. मार्थाताई भावाच्या पायाशी बसल्या. पाळक ताट धरून उभेच.

"द्या इकडे," सर म्हणाले.

भाकरीचा तुकडा त्यांनी डाव्या हातानं घेतला. पेला मात्र उजव्या हातात घ्यायचा हट्ट. वाकड्या मनगटानं पेला कलला, रस सांडणार असं दिसलं, तेव्हा विनयनं आपला तळवा त्या मनगटाखाली लावला आणि पेला ओठांपर्यंत नेला. सर प्यायले. क्षणभर डोळे मिटून राहिले. मग उघडले आणि बायकोकडे पाहून म्हणाले, "कृपा, मनुके कमी टाकले."

मी रडता रडता हसली. निशिगंध तांब्यात ठेवला आणि निघाली. दारातून मागं वळून पाहिलं तर पेला केव्हाच ताटात परत गेला होता. विनयनं ते मनगट अजून सोडलं नव्हतं.